पोवाडा इतिहासासाठी कसा वाचावा: सिंहगडाचे उदाहरण

पोवाडा हाती आला की आधी तीन वर्षे लिहून ठेवा: घटनेचे, रचनेचे आणि छपाईचे. तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला १६७० मध्ये. तुळशीदास शाहिराचा त्यावरचा पोवाडा छापून आला १८९१ साली, अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्या संग्रहात. मध्ये सव्वादोनशे वर्षे गेली आणि छपाईपर्यंत तो गाणाऱ्यांच्या तोंडी होता. तेवढ्या काळात ओळी घसरतात, नव्या शिरतात. एखादा शब्दही चोर पकडून देतो. ‘पलटण’ कवायती फौजांबरोबर अठराव्या शतकात रुळली. शिवकाळातल्या लढाईत ती दिसली, तर निदान ती ओळ मागाहूनची समजा.

मग शेवटचा चौक, म्हणजे पोवाड्याचा अखेरचा भाग, वाचा. शाहिराचे नाव आणि बक्षीस बहुधा तिथे सापडते. अफजलखान वधाच्या पोवाड्यात अज्ञानदास घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाल्याचे सांगतो. म्हणजे तो घटनेच्या जवळचा आहे, पण दरबाराच्याही जवळचा. दोन्ही नोंदवा.

तिथी बदलताना सरसकट चूक होते. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. सिंहगड घेतल्याची तिथी माघ वद्य नवमी, शके १५९१ म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०. ७८ मिळवलेत तर वर्षभर मागे जाल. इंग्रजांच्या पत्रांत हाच फेब्रुवारी १६६९चा दिसेल, कारण त्यांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई.

आता एकेक तपशील वेगळा काढून पारखा. अख्खा पोवाडा खरा की खोटा, हा प्रश्नच चुकीचा आहे. कडा चढायला वापरलेली घोरपड पोवाड्यात आहे. १६९७च्या सुमाराच्या सभासद बखरीत नाही. तिथे निवडक मावळे वानरासारखे कडा चढतात. तानाजींच्या बलिदानावरून गडाला ‘सिंहगड’ नाव पडले, ही समजूत १६६३च्या पत्रातच ते नाव आल्याने टिकत नाही. फौजेचे गोल आकडे तर पुरावा म्हणून घेऊच नका. ते बहुधा चालीत बसतात म्हणून येतात.

घोरपड मात्र खोडून टाकू नका. वेगळ्या रकान्यात ठेवा. रायबाचे लग्न बाजूला सारून बाप गडावर निघतो, हे ऐकणाऱ्यांना का भिडले, याचा तो रकाना अस्सल पुरावा आहे.

गाणारा समोर असेल, तर तोच पोवाडा महिन्याच्या अंतराने दोनदा ध्वनिमुद्रित करा. दोन्ही वेळा जशाच्या तशा आलेल्या ओळी एका शाईने, बदललेल्या दुसऱ्या शाईने लिहा आणि कोणाकडून शिकलात, हे तिथेच विचारून घ्या.