‘ताई, आत कोण आहे?’: डबल बेस शिकताना

ठाण्याहून लोकलच्या लगेज डब्यात डबल बेस, म्हणजे खर्जात वाजणारं मोठं तंतुवाद्य, घेऊन चढले की कुणीतरी विचारतंच, "ताई, आत कोण आहे?" माणसाएवढी पिशवी, प्रश्न रास्त आहे. कार्यक्रमाला पोचल्यावर साउंडवाला विचारतो, "गाणार तुम्हीच ना?" हा मात्र रास्त नाही.

मी बाविसाव्या वर्षी सुरुवात केली. त्याआधी फक्त गाणं. उशीर झाला म्हणणाऱ्यांना मी अमेरिकन जॅझ बेसवादक आणि गायिका एस्पेरान्झा स्पाल्डिंगचं नाव सांगते. १९८४ साली पोर्टलंडमध्ये जन्मलेली ही मुलगी लहानपणी व्हायोलिन वाजवायची, बेस तिच्या हाती लागला तो हायस्कूलमध्ये. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातून २००५ मध्ये पदवी, लगेच तिथेच शिकवायला. २०११ मध्ये सर्वोत्तम नवोदित कलाकाराचं ग्रॅमी मिळालं, जे तोवर एकाही जॅझ कलाकाराला मिळालं नव्हतं. मला कामाची वाटते ती तिची दुसरीच गोष्ट: ती गाता गाता बेस वाजवते. करून बघा! माझी तर तोंड उघडलं की बोटं थांबायची.

‘बायकांना झेपत नाही’ हे ऐकाल, सोडून द्या. तार ओढायला ताकद नाही, हाताचं वजन लागतं. तर्जनीची कड तारेवर टेकवून हात सैल सोडायचा. डाव्या अंगठ्याने बेसची मान आवळू नका, मनगट जातं. माझ्या भाड्याच्या बेसची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, उंच होती. बोटांना फोड यायचे आणि मी त्याला साधना समजत होते. कारागिराने घोडी घासून तारा खाली आणल्या तेव्हा कळलं, महिनाभर उगाच सोसलं. ते काम पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

वॉकिंग बेस म्हणजे मात्रेला एक स्वर, चालल्यासारखा. गाणाऱ्यांना हे सोपं जातं. सी सेव्हन या कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावरून) एफ कॉर्डवर जायचंय? सीला सा धरा: सा, प, कोमल नी, शुद्ध ग, आणि पुढच्या समेवर म. ग आणि म यांच्यात अर्ध्या स्वराचंच अंतर, म्हणून कान आपोआप तिकडे ओढला जातो. आधी गा, मग वाजवा. पडदे नसल्यामुळे बेसूर लगेच उघडा पडतो.

आणि हो, सकाळी साडेआठची लोकल विसरा. अकरानंतर निघा, बेस उभा धरा, घोडी भिंतीकडे.