अपराइटचं स्ट्रेस ॲनालिसिस: या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या रेस कारचा डिझाइन रिपोर्ट हातात आला की अपराइटचं, म्हणजे चाकाचं बेअरिंग धरून ते सस्पेन्शनला जोडणाऱ्या भागाचं, स्ट्रेस दाखवणारं रंगीत चित्र मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी शोधतो फ्री बॉडी डायग्राम (भाग सुटा काढून त्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती), आणि बहुतेक वेळा तो नसतोच. पोरं पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर मेश करायला, म्हणजे भागाचे हिशोबासाठी बारीक तुकडे पाडायला बसतात. बल कुठून येतं आणि कुठून बाहेर जातं हे कागदावर मांडायला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस वाचवायच्या नादात अख्खा सीझन जातो.

सर्वात महाग पडणारी चूक ब्रेकिंगच्या लोड केसमधली, म्हणजे ब्रेक मारताना भागावर येणारी बलं मांडण्यातली. एका टीमच्या रिपोर्टमध्ये पुढच्या अपराइटचा फॅक्टर ऑफ सेफ्टी (येणाऱ्या स्ट्रेसच्या किती पट ताकद आहे तो आकडा) दोनच्या वर होता. टायर जमिनीला टेकतो तिथलं सगळं बल त्यांनी रिमोट फोर्स (दूरच्या बिंदूवरचं बल) म्हणून थेट बेअरिंगच्या बोअरवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या भोकावर, लावलं होतं. म्हणजे ब्रेकचा सगळा टॉर्क बेअरिंगमधून अपराइटमध्ये शिरला. पण बेअरिंग स्वतःच्या अक्षाभोवती टॉर्क घेतच नाही, ते असतंच त्यासाठी! चाकावर ब्रेक असेल तर तो टॉर्क कॅलिपरच्या (डिस्कला पॅडने आवळणारा भाग) लगमधूनच, म्हणजे कॅलिपर बोल्ट करायच्या कानांमधूनच येतो. त्यांच्या चित्रात लग निळेशार, म्हणजे जवळपास स्ट्रेस नसलेले होते, म्हणून तिथलंच मटेरियल त्यांनी कापलं. ट्रॅकवर काही वेळाने ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. चाक काढलं, ब्रेकची काळी धूळ पुसली आणि डाय पेनिट्रंट (तडे दाखवणारा लाल रंग) मारलं. खालच्या लगच्या मुळाशी, कटरने सोडलेल्या धारदार कोपऱ्यात, लाल रेघ उमटली. तडा अर्ध्या जाडीपर्यंत गेला होता.

आकडे मांडले असते तर हे आधीच कळलं असतं. ड्रायव्हरसकट 300 किलोची गाडी धरा. जोरात ब्रेक मारताना पुढच्या एका चाकावर साधारण 1,150 न्यूटन भार येतो. घर्षणांक 1.5 धरला तर ब्रेकिंगचं बल 1,725 न्यूटन. टायरची त्रिज्या 230 मिमी, म्हणजे टॉर्क जवळपास 400 न्यूटन-मीटर. पॅड डिस्कला 90 मिमी त्रिज्येवर धरत असेल तर कॅलिपरवर सुमारे 4,400 न्यूटन येतात, गाडीच्या एकूण वजनापेक्षा दीडपट. शिवाय कॅलिपरची जागाही महत्त्वाची. तो अक्षाच्या पुढच्या बाजूला असेल तर बेअरिंगवरचं उभं बल 5,550 न्यूटनपर्यंत जातं, मागे असेल तर 3,250 च्या आसपास राहतं. म्हणून चाक, हब (चाक बसतं तो फिरणारा भाग) आणि डिस्क मिळून एक वेगळा फ्री बॉडी काढा, मगच अपराइटकडे या. काही जण कॅलिपरचं बल लावतात आणि बोअरवरचा टॉर्कही तसाच ठेवतात. मग तोच टॉर्क दोनदा मोजला जातो.

दुसरी चूक सपोर्टची. विशबोन (अपराइटला गाडीशी जोडणारे दोन पायांचे आर्म) आणि टाय रॉडच्या (चाक वळवणारी दांडी) जागा सरळ ‘फिक्स्ड’ करून टाकायच्या, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. विशबोनच्या टोकाचा बॉल जॉइंट मोमेंट (वळवणारा जोर) घेत नाही आणि विशबोन फक्त आपल्या प्रतलात धरतो. दोन विशबोनचे चार पाय, एक टाय रॉड, एक पुशरॉड (स्प्रिंगपर्यंत बल नेणारी दांडी): सहा दांड्या. अपराइटच्या हालचालीही सहाच. म्हणजे सहा समीकरणं आणि सहा अज्ञात, सगळं हाताने सुटतं. मी मॉडेलमध्ये त्या सहा दांड्याच घालतो आणि त्यांच्यातली बलं वहीतल्या आकड्यांशी ताडून बघतो. जुळली नाहीत तर स्ट्रेसचं चित्र उघडतच नाही. सगळं फिक्स केलं की भाग खोटा ताठ दिसतो आणि वळणातलं खरं बल लपतं. बॉल जॉइंट चाकाच्या केंद्राच्या वर-खाली 90 मिमीवर असतील, तर टायरवरच्या बाजूच्या बलाच्या जवळपास 1.8 पट बल एकट्या खालच्या जॉइंटवर येतं.

धारदार आतल्या कोपऱ्यात मेश बारीक करत गेलात तर स्ट्रेस वाढतच जाईल, थांबणार नाही. तिथे खरा फिलेट (कोपऱ्याची गोलाई) काढा आणि मगच मेश बारीक करून आकडा स्थिरावतो का ते पाहा.

ॲल्युमिनियमचा 6061 मिश्रधातू सोडून 7075 घेतलं की अपराइट ताठ होतो, हा गैरसमज दरवर्षी भेटतो. यील्ड (कायमचं वाकायला लागण्याआधी सोसता येणारा स्ट्रेस) जवळपास दुप्पट होते, पण इलॅस्टिक मॉड्युलस (मटेरियलचा ताठपणा) दोन्हींचा 70 गिगापास्कलच्या आसपास. ताठपणा आकारातून येतो. त्यामुळे स्ट्रेससोबत वळणाच्या लोडखाली कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (वरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कोन) किती बदलतात, तेही मोजा. माझ्या मते अपराइटचं डिझाइन बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

एकाच लोड केसवर टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन (नको असलेलं मटेरियल कॉम्प्युटरकडून काढून घेणं) चालवू नका. ब्रेकिंग, वळण, खड्डा आणि ब्रेक मारत वळणं, निदान एवढं हवंच.

युनिट एकदाच ठरवा: मिलिमीटर, न्यूटन, मेगापास्कल.

बेअरिंगचा प्रेस फिट (थोड्या लहान बोअरमध्ये दाबून घट्ट बसवणं) विसरू नका. ॲल्युमिनियम तापून स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे गरम ब्रेकशेजारी फिट सैल होतो. म्हणून थंड आणि गरम, दोन्ही अवस्थांत फिट तपासा: थंडीत बोअरभोवतीचा स्ट्रेस, गरमीत शिल्लक राहिलेली पकड.