कुटुंबासाठी इलेक्ट्रिक गाडी घेताना

आधी रोजचं अंतर मोजा, मग बॅटरी बघा. हायवेसाठी कंपनी सांगते त्या रेंजमधून, म्हणजे एका चार्जमध्ये जाणाऱ्या अंतरातून, पाव भाग वजाच धरा. थंडीत ती आणखी घटते, कारण हीटरही बॅटरीवरच चालतो. घरच्या १६ अँपिअर सॉकेटवर तासाला जेमतेम ३ युनिट (kWh) भरतात. म्हणजे ४५ युनिटची बॅटरी रात्रभरात पूर्ण भरत नाही, पण रोजच्या ६०-७० किलोमीटरला तेवढं पुरतं. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच, वायर तापते.

शोरूममध्ये मागच्या सीटवर बसाच. खाली बॅटरी असल्याने तळ उंच येतो, गुडघे वर राहतात नि मांड्या अधांतरी. आजी-आजोबा तासाभरात अवघडतात. मुलाची सीट घरून न्या, आयसोफिक्सला (मुलाची सीट अडकवायला गाडीच्या सीटमध्ये दिलेल्या कड्यांना) अडकवून पुढची सीट किती सरकवावी लागते ते पाहा. आणि हो, स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट?