रोन्सेसवायेसचे चर्च पाहताना

स्पेनमधील सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या पायी वाटेवर फ्रान्समधील सेंट-झाँ-पिए-द-पोरहून निघालेले बहुतेक यात्रेकरू पिरेनीज पर्वत ओलांडून, सुमारे २५ किलोमीटर चालून, स्पेनमधील रोन्सेसवायेसला दमूनभागून पोहोचतात आणि थेट अंथरुणाला पाठ टेकतात. तसे न करता, पाठपिशवी ठेवताच प्रथम तेथील तेराव्या शतकातील गॉथिक चर्चलगतच्या सभागृहाचे तिकीट काढावे, कारण ते संध्याकाळी लवकर बंद होते. तेथे नावार्रा या मध्ययुगीन राज्याचा राजा सांचो सातवा याच्या समाधीवर पायावर पाय टाकून पहुडलेली, दोन मीटरहून लांब पाषाणमूर्ती आहे. वरच्या रंगीत काचेत सांचो ज्यात लढला ती १२१२ची लास नावास दे तोलोसाची लढाई रंगवली आहे. चर्चमध्ये मात्र सायंप्रार्थनेलाच जावे. यात्रेकरूंना आशीर्वाद तेव्हाच मिळतो. वेळ दारावरील फलकावर पाहावी आणि अंगात स्वेटर असावा, कारण हे ठिकाण सुमारे ९५० मीटर उंचीवर आहे.