परमुलखात घरचे हॉटेल टिकवताना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून दुष्काळ व धार्मिक छळामुळे मुंबईत आलेल्या झरथुष्ट्री (मुंबईकर ज्यांना इराणी म्हणतात त्या) कुटुंबांनी, आणि पुढे दक्षिण कानडातून आलेल्या उडुपीवाल्यांनी, घरच्या माणसांच्या कष्टांवर हॉटेले उभी केली. गाव सोडून आलेल्या कुटुंबाने आज असा धंदा मांडताना त्यांच्याकडून पुष्कळ शिकावे.

आधी गिऱ्हाईक ठरवावे, पदार्थ नंतर. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ साली सुरू झालेल्या ब्रिटानिया या इराणी हॉटेलाने कचेऱ्यांतील माणसांच्या दुपारच्या जेवणावर भर दिला; माटुंग्यातील रामा नायक यांच्या १९४२ सालच्या बोर्डिंगने साध्या शाकाहारी जेवणावर. जागा पाहताना परिसरातील लोक कोणत्या वेळी उपाशी असतात, हे आठवडाभर उभे राहून पाहावे.

पदार्थ मोजकेच ठेवावेत. इराण्याकडचा खिमा पावाबरोबर चालतो आणि अंड्याबरोबरही; एकच जिन्नस असा दोन-तीन ताटांत गेला की माल वाया जात नाही. मुलखाकडचा एखादा पदार्थ मात्र अवश्य असावा. ब्रिटानियाचा बेरी पुलाव झेरेश्क या आंबट इराणी बेरींचा, पण मसाल्याने मुंबईच्या जिभेला जुळवलेला आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हिशेबाची. पहाटे कणीक मळणारी आई, गल्ल्यावर बसणारा भाऊ आणि शाळा सुटल्यावर टेबले पुसणारी मुलगी यांचे श्रम बहुतेक घरांत फुकट धरले जातात, आणि त्यामुळे तोट्यातला धंदाही नफ्यात दिसतो. प्रत्येक मोठ्या माणसाची मजुरी बाजारभावाने वहीत लिहावी. पैसे लगेच देता आले नाहीत, तर ती रक्कम देणे म्हणून दाखवावी. मुलांना अभ्यासाच्या वेळी हॉटेलात बसवू नये, कारण घरदार सोडून येण्याचा हेतूच त्यांचे भवितव्य हा असतो. घरखर्च गल्ल्यातून परस्पर काढू नये.

मंदी आली की पहिल्यांदा तेल किंवा तांदूळ हलका आणण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्याऐवजी गर्दी नसलेले तास बंद ठेवावेत आणि तोट्याचे पदार्थ फलकावरून काढावेत. दूधवाल्याचे व किराण्याचे देणे तटले, तर त्याला तारीख आधीच सांगावी. सांगून लांबवलेली उधारी पत घालवत नाही.

भावाभावांत भागीदारी असल्यास करारपत्र पहिल्याच वर्षी करावे आणि त्यात जागेचा हक्क, नफ्याची वाटणी आणि वारसांपैकी कोणी धंदा सोडल्यास त्याचा हिस्सा कसा मोजायचा, हे स्पष्ट लिहावे.