कूलरपुढे बसून दूरचे दीर्घिकासमूह शोधायची तयारी

दूरचे दीर्घिकासमूह शोधायला दुर्बीण लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दूरची रेडिओ दीर्घिका (रेडिओ लहरींत प्रखर असणारी) बऱ्याचदा अशा समूहात बसलेली असते, म्हणून आधी ती शोधायची आणि मग तिचे शेजारी मोजायचे. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापत असताना कूलरपुढे बसून करायचं हे काम आहे. लॅपटॉपवर टॉपकॅट (याद्या जुळवायला) आणि अलादीन (आकाशाची चित्रं बघायला) टाकून घ्या, थोडं पायथन येत असू द्या. आकाश-सर्वेक्षणांच्या याद्या रात्रीच उतरवा. दुपारच्या लाइटचा भरवसा नाही.

पहिली यादी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची, १५० मेगाहर्ट्झवरची टीजीएसएस. दुसरी अमेरिकेतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणीची, १४०० मेगाहर्ट्झवरची एनव्हीएसएस. दोन्हींतले स्रोत जुळवा आणि ज्यांचा १५० वरचा फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचणारी रेडिओ तीव्रता) १४०० वरच्याच्या १८ पटींहून जास्त आहे तेवढेच ठेवा. इतक्या तीव्र उताराच्या, म्हणजे वारंवारता वाढली की झपाट्याने मंद होणाऱ्या, रेडिओ दीर्घिका बऱ्याचदा फार दूरच्या निघतात. पण याच चाळणीतून पल्सार (आपल्याच आकाशगंगेतले गरगरणारे मृत तारे) आणि जवळच्या समूहांतले विझत आलेले रेडिओ अवशेषही खाली पडतात. शिवाय एनव्हीएसएसची नजर ४५ विकलांची (६० विकला म्हणजे एक कला, ६० कला म्हणजे एक अंश), दोन शेजारी स्रोत ती सहज एक करते. म्हणून प्रत्येक स्रोत व्हीएलएएसएस या व्हीएलएच्याच नव्या सर्वेक्षणाच्या बारीक चित्रात बघा. त्याच जागी दृश्य प्रकाशाच्या चित्रात ठळक दीर्घिका दिसली, तर तो बहुधा जवळचा, सोडून द्या.

आता शेजारी मोजायचे. त्यासाठी स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीची ३.६ आणि ४.५ मायक्रॉन तरंगलांबीची अवरक्त चित्रं हवीत, आणि ती सगळीकडची नाहीत. नवख्यांनी कार्ला या, स्पिट्झरने दूरच्या रेडिओ स्रोतांभोवती केलेल्या सर्वेक्षणातल्या सुमारे ४०० क्षेत्रांतूनच निवड करावी, असं माझं स्पष्ट मत. रेडिओ दीर्घिकेभोवती एक कलेचं वर्तुळ आखा (इतक्या अंतरावर ते साधारण १६ लाख प्रकाशवर्षं त्रिज्येचं भरतं) आणि ३.६ पेक्षा ४.५ मध्ये जास्त उजळ असणाऱ्या दीर्घिका मोजा; अशा बहुधा दूरच्या असतात.

या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. तेवढ्याच खोलीच्या रिकाम्या आकाशात तशीच शेकडो वर्तुळं टाकून सरासरी आणि विचलन काढा. पोरं नेमकी हीच पायरी गाळतात.

गर्दी दिसली तरी ती एकाच रेषेत आलेल्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या दीर्घिकांची असू शकते. वर्णपट (प्रकाशाची तरंगलांबीनुसार फोड, जिच्यावरून अंतर कळतं) मिळेपर्यंत वहीत ‘उमेदवार’ एवढंच लिहा. वासुकी तारकासमूहातल्या स्पायडरवेब या रेडिओ दीर्घिकेची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप) २.१६, त्यामुळे हायड्रोजनची १२१६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची लायमन-अल्फा रेषा तिथे (१ + २.१६) पटीने ताणून ३८४० च्या आसपास सापडते. तुमच्या रेडिओ दीर्घिकेची ताम्रसृती मोजलेली असेल तर तिच्या शेजाऱ्यांसाठी ही रेषा कुठे पडेल, तो रकाना आत्ताच आखून ठेवा.