बेसबॉलचे प्रश्न काढताय? आधी या चुका टाळा

उन्हाळा आला की इकडे न्यू जर्सीत आमच्या सहलीला अंताक्षरीच्या जोडीने बेसबॉलची प्रश्नमंजूषा असते आणि परीक्षकाची खुर्ची बहुतेक वेळा माझ्याकडे येते. प्रश्न काढणारे दरवर्षी नवे, चुका मात्र त्याच. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

एकाच पुस्तकावर भिस्त ठेवणं

सगळ्यात महागात पडते ती ही. हॅक विल्सन हा शिकागो कब्सचा साडेपाच फुटी, आडव्या बांध्याचा फलंदाज. १९३० च्या हंगामात त्याने ५६ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले आणि आरबीआयचा, म्हणजे आपल्या खेळीवर संघाला मिळवून दिलेल्या धावांचा, असा विक्रम केला की तो आजवर कुणाला मोडता आलेला नाही. किती आरबीआय? जुनी पुस्तकं सांगतात १९०. खरा आकडा १९१.

एका सहलीला एका हौशी तरुणाने हाच प्रश्न घेतला. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला जाडजूड विक्रमसंग्रह त्याच्या हातात होता. शाळकरी वयाची एक मुलगी ताडकन म्हणाली, ‘वन नाइंटी वन’. हा म्हणाला चूक, आणि गुण दुसऱ्या संघाला देऊन मोकळा. मुलीचे आजोबा उठले, ‘अहो, ती बरोबर सांगतेय, जरा बघा तरी.’ हा पठ्ठ्या पानावर बोट ठेवून एकच सांगत राहिला, ‘आजोबा, छापलंय इथे.’ शेवटी मला मध्ये पडावं लागलं. २८ जुलै १९३० ला सिनसिनाटीविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने झाले. त्यातल्या दुसऱ्या सामन्यात विल्सनने आणलेली एक धाव कागदोपत्री त्याचा संघसहकारी चार्ली ग्रिमच्या नावावर पडली. १९७० च्या दशकात एका अभ्यासकाने ती हुडकून काढली, पण अधिकृत दुरुस्ती व्हायला १९९९ साल उजाडलं. त्याच वेळी दिग्गज फलंदाज बेब रूथच्या वॉकचा, म्हणजे चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळालेल्या पहिल्या बेसचा, आकडाही २,०५६ वरून २,०६२ झाला. हे सगळं ऐकवून मी गुण मुलीला दिला खरा, पण तोवर तिचा चेहरा पडला होता आणि पुढच्या फेरीला ती बसलीच नाही. माहिती असलेल्या पोराला चारचौघांत खोटं पाडलं, याचा मला अजून राग येतो.

माझी सवय सांगतो. कुठलंही पुस्तक उघडलं की आधी ते कधी छापलंय ते बघायचं. मग आकडा मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, अधिकृत संकेतस्थळावर आणि ‘बेसबॉल-रेफरन्स’ या आकडेवारीच्या संकेतस्थळावर, दोन्हीकडे ताडायचा. जुळला तर ठेवायचा, नाही जुळला तर प्रश्नच बदलायचा. फोनवर सगळ्यात वर दिसलेलं उत्तर उचलून पाच मिनिटांत वीस प्रश्न काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. इतकीच घाई असेल तर अंताक्षरी घ्यावी.

न जुळणाऱ्या आकड्यांतही मजा असते. डेट्रॉइटचा फलंदाज टाय कॉबचे हिट्स (बेस गाठून देणारे फटके) कुठे ४,१९१ दिसतील, कुठे ४,१८९, कारण १९१० मधला त्याचा एक सामना दोनदा मोजला गेला होता. तेव्हा आकडा विचारू नका, त्या वर्षाची गोष्ट विचारा. सर्वाधिक सरासरीच्या फलंदाजाला चाल्मर्स कंपनी मोटार देणार होती. शेवटच्या दिवशी सेंट लुइस ब्राउन्सने आपला तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक मुद्दाम मागे उभा केला, म्हणजे हळू टोलवलेला चेंडूही हिट ठरावा, आणि कॉबशी चुरस असलेल्या क्लीव्हलंडच्या नॅप लाज्वेने दोन सामन्यांत आठ हिट्स घेतले. कारण कॉब कुणालाच आवडत नसे. शेवटी कंपनीने दोघांनाही मोटार दिली.

‘पहिला’ हा शब्द मोकाट सोडणं

‘मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कोण?’ उत्तरपत्रिकेत जॅकी रॉबिन्सन, १९४७, ब्रुकलिन डॉजर्स. प्रश्न असाच ठेवलात तर उत्तर चुकीचं आहे. मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ मध्येच टोलेडोकडून अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळला होता. ही लीग मेजर लीगमध्ये धरली जाते. यष्टिरक्षकासारखी कॅचरची जागा त्याची, सामने ४२. त्यानंतर संघमालकांनी अलिखित संगनमताने कृष्णवर्णीयांना दार बंद केलं ते साठ वर्षांहून जास्त काळ. रॉबिन्सनने ते बंद दार उघडलं. वॉकरला गाळलं तर दार आधी उघडं होतं आणि ते जाणूनबुजून लावलं गेलं, ही गोष्टच पुसली जाते. मला हे फार लागतं. ‘विसाव्या शतकातला’ एवढे दोन शब्द घाला, रॉबिन्सनचा मान तसूभरही कमी होत नाही.

बाकीच्या चुका

रूथचा एका हंगामातल्या होमरनचा विक्रम मोडणाऱ्या रॉजर मॅरिसच्या १९६१ मधल्या ६१ होमरनपुढे विक्रमपुस्तकात शंकेची फुली (*) कधीच नव्हती. मोसम १५४ ऐवजी १६२ सामन्यांचा झाल्यामुळे त्याचा आणि रूथचा विक्रम वेगवेगळा छापत, इतकंच. १९९१ मध्ये तेही थांबलं, पण मॅरिस १९८५ मध्येच गेला होता.

पिट्सबर्गचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, हार्वी हॅडिक्सने १९५९ मध्ये मिलवॉकीविरुद्ध सलग १२ डाव एकालाही बेसवर येऊ दिलं नाही आणि तेराव्यात तो हरला. म्हणून ती अधिकृत ‘परफेक्ट गेम’, म्हणजे एकालाही बेसवर येऊ न देता शेवटपर्यंत नेलेला सामना, नाही.

मूनलाइट ग्रॅहॅमचा एकुलता एक सामना २९ जून १९०५ चा. त्याच्यावरच्या ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ चित्रपटात १९२२ दाखवलंय, ते विसरा.

अ‍ॅबनर डबलडेने कूपर्सटाउनला १८३९ मध्ये खेळ शोधून काढला, ही दंतकथा. तेव्हा तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होता.

२०२४ च्या आधीची प्रश्नपत्रिका जशीच्या तशी वापरू नका. त्या वर्षी निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे, आकडे मेजर लीगच्या नोंदींत आले आणि कारकिर्दीतल्या सर्वोत्तम सरासरीच्या यादीत कॉबच्या वर निग्रो लीगमधला जॉश गिब्सन गेला, .३७२ ने.

आणि तो तीन फूट सात इंचांचा एडी गेडेल आता पुरे. पाठीवर १/८ आकडा लावून १९५१ मध्ये एकदाच फलंदाजीला आलेला हा माणूस सगळ्यांना पाठ झालाय. त्यापेक्षा जॅक टेलर घ्या. १९०१ ते १९०६ या काळात त्याने सुरू केलेले सलग १८७ सामने स्वतःच संपवले, एकदाही दुसरा पिचर लागला नाही. किंवा पिट्सबर्गचा चीफ विल्सन. १९१२ च्या एका हंगामात ३६ ट्रिपल्स (एका फटक्यावर थेट तिसरा बेस), आणि हा विक्रम अजून अबाधित आहे. फक्त प्रश्नात पूर्ण नाव, संघ आणि साल लिहा, नाहीतर निम्मे लोक हॅक विल्सन सांगतील आणि पुन्हा वाद माझ्या खुर्चीपाशी येईल.